ओबेदच्या दाखल्यातली शेवटची ओळ

माझ्या धाकट्या बहिणीचा, मिरियमचा नवरा ओबेद रॅट्लिफ चाकं करायचा. हॉ नदीच्या या अंगाला वीस मैलांत कुणाच्या गाडीचं चाक मोडलं की माणसं त्याच्याच अंगणात यायची. उंच, किडकिडीत, गुडघ्यांत थोडा वाकडा. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. नवीन चाक पुरं झालं की तो लाकडी हातोडीने एकेका आऱ्यावर टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. सगळे आरे एका आवाजात बोलले तर ठीक. एखादा बद्द वाजला की म्हणायचा, "हा लबाड आहे. गिऱ्हाइकासमोर गप्प बसेल आणि चढावर दगा देईल." मग लोखंडी धाव चढवायच्या आधी तो आरा उपटून टाकायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मी त्याच्याबद्दल लिहितेय, कारण आमच्या सभेच्या वहीत त्याच्या दोनच नोंदी आहेत. एक मिरियमशी लग्न झाल्याची, दुसरी त्याला सभेतून वगळल्याची. एवढ्यात माणूस मावत नाही. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण आहे. आमच्या सभेत भजन नाही, पाद्री नाही. आम्ही बाकांवर तास-दोन तास गप्प बसतो आणि देव काय सांगतो त्याची वाट बघतो. गेली सहा वर्षं त्या शांततेत मला देवाआधी ओबेद जाणवतो. पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, टोपी घातलेला. तो काही बोलत नाही, नुसता माझ्याकडे बघतो.

बाहेरचे आम्हाला क्वेकर म्हणतात, आम्ही एकमेकांना मित्र म्हणतो. गव्हर्नर असो की डुकरं राखणारा, आम्ही सगळ्यांना 'तू' म्हणतो. टोपी प्रार्थना म्हणतानाच काढतो, माणसासमोर उतरवत नाही, हत्यार धरत नाही आणि शपथ घेत नाही. बायबलवर हात ठेवून 'आता खरं बोलतो' म्हणायचं, म्हणजे एरवी बोलतो ते काय? कायद्यालाही हे ठाऊक आहे. कचेरीत इतरांना शपथ घ्यावी लागते, मित्रांचा नुसता शब्द चालतो.

ओबेद दहा वर्षांचा असताना पेनसिल्व्हेनियाहून गाडीवाटेने बापाबरोबर खाली दक्षिणेला आला. वाटेत लोकांची चाकं दुरुस्त करत करत आले, म्हणून त्यांना पोचायला दोन महिने जास्त लागले. मिरियमशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे गं, पण किती वेळ लावतो बोलायला! याच्याशी भांडायचं झालं तर पोरीला जेवण करून यावं लागेल." लग्नाच्या दिवशी भर सभेत उभं राहून वचन बोलायचं असतं. मिरियम बोलून मोकळी झाली. ओबेद उभाच. इतका वेळ उभा, की आईने माझं मनगट आवळलं आणि कुजबुजली, "हा नाही म्हणतोय की काय?" शेवटी बोलला एकदाचा. नंतर मी त्याची फिरकी घेतली तर म्हणाला, "शब्द पाठ होते गं. वाजवून बघत होतो."

असा हा माणूस बंडवाल्यांच्यात कसा गेला, ते सांगते.

शरद ऋतूत एकदा शेरीफ दोन माणसं घेऊन त्याच्या अंगणात आला. मी तिथेच होते, मिरियमबरोबर पीच सुकत घालत होते. शेरीफ म्हणाला, "रॅट्लिफ, डोईपट्टी."

"दिली मी. उन्हाळ्यात. तुझ्या आधीचा होता ना, त्याला."

"तुझ्या? तुझ्या कुणाला म्हणतोस रे?" शेरीफ घोड्यावरून ओरडला. आम्हा मित्रांचं 'तू' त्या लोकांना झोंबायचंच. "त्याने वहीत मांडली नाही. पावती दाखव."

"पावती दिली नाही. शब्द दिला."

"शब्दावर गाढव नाही सुटत," तो म्हणाला, आणि खुंट्याची तपकिरी घोडी सोडायला सांगितली. वर पुन्हा घोडी जप्त करायला आल्याची फी वेगळी आणि त्या फीची नोंद करायची फी वेगळी. आमच्या भागात नाणं बघायला मिळत नाही. आम्ही कातडी, मेण, मका देऊन व्यवहार करतो. पण कचेरीला नाणंच लागतं. मिरियम तीन घरं पळाली, शिलिंग गोळा केले. ओबेद ते मुठीत धरून कचेरीच्या गावाच्या, हिल्सबरोच्या वाटेने धावला. शेरीफ दुसऱ्या वाटेने गेला होता. ओबेद पोचला तेव्हा कचेरीबाहेर घोडी विकून झाली होती, खोगिराच्या किमतीला, तिथल्याच कारकुनाच्या सोबत्याला. ओबेद मुठीतले शिलिंग घेऊन परत आला आणि ज्याचे त्याला देऊन टाकले.

हे काही एकट्या त्याच्याच वाट्याला आलं नाही. कुणाची गाय नेली, कुणाच्या बायकोच्या अंगावरचा झगा उतरवून घेतला असंही ऐकलं. आणि तो पैसा म्हणे समुद्राकाठी गव्हर्नरच्या विटांच्या मोठ्या घरात जात होता. मग गिरणीजवळच्या झाडांखाली माणसं जमू लागली. बाप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन होते, कुठल्याच देवळात न जाणारेही होते. स्वतःला रेग्युलेटर म्हणवायचे. कारभार ताळ्यावर आणू, कायद्यात आहे तेवढंच देऊ, असं त्यांचं म्हणणं. अर्ज लिहिले, गव्हर्नरकडे पाठवले. ओबेदनेही सही केली. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे.

पण अर्जांना उत्तर येईना, तशी त्या लोकांची भाषा बदलली. एके दिवशी ते हिल्सबरोच्या कचेरीत घुसले, वकिलांना ओढून बाहेर काढलं आणि चाबकांनी मारलं. ओबेद त्या दिवशी तिथे होता. परत आला तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी ताक दिलं, ते तो प्यायला नाही.

"मारलंस तू कुणाला?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

त्याने पेला बाजूला सारला. "मारलं नाही. पण वाईट वाटलं म्हणशील, कतूरा, तर तेही वाटलं नाही. घोडी आठवत होती."

माझा नवरा नेहेम्या आमच्या सभेचा लेखनिक. हे बाहेरून त्याच्याही कानावर आलं. सभेचा नियम असा, की आमच्यातला कुणी चुकला तर दोघं-तिघं त्याच्या घरी जातात, समजावतात आणि त्याने आपल्या चुकीची कबुली स्वतःच्या हाताने लिहून द्यायची असते. तो कागद सभेत उभं राहून वाचायचा. वाचला की झालं, पुन्हा कुणी त्याबद्दल बोलत नाही. नाही लिहिला तर नाव कमी होतं. बसायला येऊ शकतो, पण तो आमच्यातला राहत नाही.

नेहेम्या आणि म्हातारा योसिया डिक्स ओबेदकडे गेले. बायकांच्या सभेने मिरियमशी बोलायला मला धाडलं. आम्ही पाचही जण त्याच्या कार्यशाळेत, आऱ्यांच्या ढिगावर बसलो.

योसिया म्हणाला, "तू त्या लोकांत गेलास याचा तुला खेद आहे, एवढंच लिही. चार ओळी. मी तुला शब्द सांगतो."

"शब्द मला येतात," ओबेद म्हणाला.

"मग अडलं कुठे?"

"खेद नाही ना."

"अरे, लिहून टाक की. खेद नंतर येईल," योसिया म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच खाली बघायला लागला. मिरियम फिसकन हसली. मला हसू आवरलं नाही. नेहेम्या मात्र हसला नाही. म्हणाला, "ओबेद, आम्ही तुला वगळायला आलो नाही. ठेवून घ्यायला आलो आहोत."

"ठाऊक आहे रे मला. पण मला वाईट वाटत नसताना वाटतं असं लिहिलं, तर मग तुम्ही ठेवून कुणाला घेणार?"

तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्याने आम्हाला मक्याची गरम भाकरी खाऊ घातली, नेहेम्याच्या गाडीचा सैल आरा फुकट बसवून दिला, आणि कागद दिला नाही. त्या हिवाळ्यात, वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात, त्याचं नाव कमी झालं. ठराव नेहेम्याने लिहिला आणि माझं अक्षर बरं म्हणून वहीत मी उतरवून काढला. पुढच्या रविवारी, आम्ही त्याला पहिला वार म्हणतो, ओबेद नेहमीच्या वेळी आला आणि तिसऱ्या बाकावर बसला. कुणी त्याला उठवलं नाही.

तीन महिन्यांनी गव्हर्नर फौज घेऊन आमच्या भागात आला. अलमान्सच्या ओढ्याजवळ रेग्युलेटर जमले, दोन हजार असतील. त्यातल्या कितीतरी जणांजवळ बंदुका नव्हत्या. त्यांना वाटलं होतं की एवढी माणसं बघून गव्हर्नर बोलणी करेल आणि संध्याकाळपर्यंत घरी जाता येईल. ओबेदलाही तसंच वाटलं. तो गाडी घेऊन गेला होता, कारण कुणाचं तरी चाक वाटेत मोडलं होतं. हत्यार म्हणाल तर त्याच्याकडे ती लाकडी हातोडी.

तोफांचा आवाज आम्हाला घरी ऐकू आला. दुपारची वेळ, मी लोणी घुसळत होते. आधी वाटलं वीज. आकाश निरभ्र होतं.

दुसऱ्या दिवशी ओबेद गाडीत तीन जखमी घेऊन आला. त्यातला एक मिरियमच्या अंगणात, पीचच्या झाडाखाली मेला. अठरा-एकोणीस वर्षांचा, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ओबेदने त्याला तिथेच पुरलं आणि मग गाडी नदीत नेऊन दिवसभर धूत बसला. मिरियम म्हणाली, चाकाच्या मधल्या तुंब्यात रक्त गेलंय, ते निघत नाही म्हणतो. जखमींना आणताना त्याला फौजेच्या माणसांनी पाहिलं होतं आणि त्याचं नाव यादीत गेलं.

मग माफीचा जाहीरनामा निघाला. ज्यांनी बंडात भाग घेतला त्यांनी छावणीत यावं, हत्यार द्यावं आणि इंग्रज राजाशी इमान राखीन अशी शपथ घ्यावी. अमुक दिवसापर्यंत जो येणार नाही त्याचं घरदार गेलं असं समजावं, तो स्वतः सापडला तर फासावर. माणसं रांगा लावून शपथा घेऊ लागली. फौजेची छावणी आमच्या ओढ्यावरच होती. आमच्याकडून पिठाच्या गाड्या मागितल्या, तेव्हा नेहेम्या आणि बाकीचे पुरुष त्या पोचवत फिरत होते.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी मिरियम माझ्याकडे आली. मागे ओबेद.

"कतूरा, मित्रांना शपथ माफ आहे ना? नुसता शब्द दिला की पुरतो ना?"

"हो. पण सभेचा दाखला लागतो, की हा आमच्यातला आहे."

"तोच पाहिजे. लिही."

"नेहेम्या नाही घरी."

"तुझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे आणि छावणीत कोण ओळखणार आहे? दोन ओळी लिही. ओबेद रॅट्लिफ हा मित्र आहे. बस."

मी ओबेदकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "तो मित्र नाही आता," मी म्हणाले. 

"कोण म्हणतं?" मिरियम उसळली. "तुमची ती वही? शपथ घे म्हटलं तर तो घेत नाही, बघ ना! चाळीस माणसं काल घेऊन आली, जेवून झोपली. हा म्हणतो, मी नाही घेणार. आता सांग, हा मित्र नाही तर मग कोण मित्र आहे? तू?"

"मिरियम," ओबेद म्हणाला.

"तू गप्प बस. गप्प बसूनच इथवर आणलंस."

मी कागद घेतला. दोनदा शाई सांडली. मी खरं तेवढंच लिहिलं. ओबेद रॅट्लिफ जन्माने आणि वाढीने आमच्यातला. त्याने कधी हत्यार धरल्याचं आम्हाला ठाऊक नाही. लढाईतल्या जखमींना तो गाडीत घालून घेऊन आला. शब्दाचा पक्का आहे. आणि शेवटी लिहिलं, की या सालच्या दुसऱ्या महिन्यात सभेने त्याचं नाव कमी केलेलं आहे.

मिरियमने वाचलं. "ही शेवटची ओळ कशाला?"

"ती नसली तर कागद खोटा होतो."

"खोटा कसा? अपुरा होतो."

"वाचणाऱ्याला फसवायला अपुरं ठेवायचं म्हणजे दुसरं काय?"

"अगं, घर जाईल माझं! पोरांना घेऊन कुठे जाऊ? एका ओळीसाठी?"

तेव्हा ओबेद बोलला. "राहू दे ती ओळ. तिने मला विचारून लिहिली असती तरी मी लिही म्हटलं असतं." माझ्या जिवात जीव आला. मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की याने माझ्यावरचा भार काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्याच गाडीतून छावणीत गेलो. ऊन होतं. सगळीकडे तुडवलेला गहू. एका झाडाखाली टेबल मांडलेलं, मागे एक तरुण कॅप्टन, घामाने निथळणारा, शेजारी शिपाई. टेबलावर बायबल, त्याच्या कडा हातांच्या घामाने काळ्या पडल्या होत्या.

"टोपी!" शिपाई खेकसला. ओबेदने काढली नाही. शिपायाने हात उगारला, तसा कॅप्टन म्हणाला, "राहू दे, क्वेकर दिसतोय. या लोकांच्या टोप्या डोक्याला शिवलेल्या असतात." रांगेतले लोक हसले. कॅप्टनने दाखला उघडला. वाचत गेला, मान हलवत गेला आणि शेवटी थांबला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही याच्या बाजूच्या की फिर्यादीच्या? एवढं सगळं चांगलं लिहिलंत आणि शेवटी गळा कापलात. नाव कमी केलंय म्हणजे हा क्वेकर नाही. क्वेकर नाही म्हणजे शपथ."

"मी शपथ घेणार नाही. शब्द देतो," ओबेद म्हणाला.

"अरे बाबा, अर्ध्या मिनिटाचं काम! हात ठेव, ओठ हलव, घरी जा. सकाळपासून शंभर जणांनी केलंय, एकही मेला नाही."

"शब्द देतो."

कॅप्टनने रुमालाने मान पुसली. तो काही दुष्ट माणूस नव्हता. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. त्याने माझा कागद दोन बोटांत धरला, शिपायाला पाणी आणायला धाडलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, हा कागद मी अजून वाचलेला नाही. इथे दुसरा कोरा कागद आहे. ही दौत. उन्हामुळे माझे डोळे दुखतायत, मी थोडा वेळ मिटून बसतो. मी डोळे उघडेन तेव्हा जो कागद समोर असेल, तो मी वाचेन." आणि त्याने खरोखरच डोळे मिटले.

कोरा कागद माझ्यासमोर होता. मिरियमने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर वळ होते. "लिही," ती पुटपुटली. "कतूरा, लिही. आईची आण आहे तुला." आण घालणं म्हणजेही शपथच, आणि तिच्या तोंडून मी ती जन्मात पहिल्यांदा ऐकली.

मी ओबेदकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, काल म्हणाला तसंच आज म्हणेल, राहू दे. मी वाट पाहिली. तो बोलला नाही. नकार दिला नाही, होकारही दिला नाही. नुसता बघत राहिला.

आमच्या सभेत मतं मोजत नाहीत. कुणी काही मांडलं की सगळे गप्प बसतात आणि कुणी विरोधाला उठलं नाही तर लेखनिक लिहितो, सर्वांचं एकमत आहे. लहानपणापासून मी गप्प बसण्याचा तेवढाच अर्थ शिकले आहे. ओबेद गप्प होता, म्हणजे कालचंच कायम आहे, असं मी धरलं आणि लेखणीला हात लावला नाही.

कॅप्टनने डोळे उघडले. जुना कागद बघून त्याने सुस्कारा टाकला. "तुम्ही लोक," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग ओबेदला म्हणाला, "सूर्य मावळेपर्यंत तू इथे आलाच नव्हतास, असं मी धरतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही. पुढचा!"

आम्ही गाडीतून परतलो. ओबेदने मला माझ्या फाटकाशी उतरवलं, हात दिला आणि म्हणाला, "सांभाळून, पायरी ओली आहे." हे त्याचे माझ्याशी शेवटचे शब्द. माझ्या रोजच्या टिपणवहीतलं त्या दिवसाचं पान काढून बघितलं. लिहिलंय, 'ऊन. दोन गाड्या पीठ गेलं. ओबेदचं काम झालं नाही.' एवढंच.

त्याच संध्याकाळी तो डोंगरांच्या बाजूला निघून गेला. दोन दिवसांनी शिपायांनी त्याची कार्यशाळा जाळली. वाळत ठेवलेलं ओक, आरे, तुंबे, सगळं दोन दिवस जळत होतं. पीचची झाडं तोडली. गहू घोड्यांना घातला. पुढच्या महिन्यात हिल्सबरोला सहा जणांना फाशी दिली. मिरियम पोरांना घेऊन माझ्याकडे राहिली, त्या वर्षाच्या आठव्या महिन्यापर्यंत. एका घरात राहून ती माझ्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलायची. मग डोंगरापलीकडे जाणाऱ्या तीन कुटुंबांबरोबर ती ओबेदकडे गेली. तेव्हा या भागातून किती घरं गेली त्याची गणती नाही. ओसाड शेतांत आता देवदाराची रोपं उगवलीत. गाडीला चढताना मी तिला मिठी मारायला गेले. तिने मारू दिली. तिचे हात मात्र खालीच राहिले.

नेहेम्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू खरं तेच केलंस." योसिया म्हणाला, "तुझ्यावर दोष नाही." सभेतल्या बायकांनीही तेच सांगितलं. दोष असता तर मी कबुलीचा कागद लिहिला असता, उभं राहून वाचला असता आणि पुन्हा त्याबद्दल कुणी बोललं नसतं. दोष नाही, म्हणून वाचायलाही काही नाही. पहिल्या वारी मी बाकावर बसते, शांतता उतरते आणि कोरा कागद माझ्यासमोर येतो. समोर ओबेद बघत असतो. मी त्याचा चेहरा न्याहाळते. भुवया, ओठ. कधी वाटतं, नको म्हणत होता. कधी वाटतं, या एका वेळेला तो माझ्याकडे मागत होता, आणि मागायची सवय नसल्यामुळे त्याला मागता आलं नाही. घरात पोरं होती. पीचच्या झाडाखाली ते नाव नसलेलं पोर होतं. काल म्हणाला ते आजही म्हणेलच असं कुठे आहे? पण मी विचारलं नाही. एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागला असता? कॅप्टनने तर डोळे मिटले होते.

गेल्या वर्षी हरणाची कातडी विकणारा लॅम्बर्ट नावाचा माणूस डोंगरापलीकडून आला. चूल पेटवून मी त्याला डुकराचं मांस आणि मका वाढला. बोलता बोलता म्हणाला, "तिकडे आमच्या वस्तीत एक होता तुमच्यातला. चाकं करायचा. आम्ही त्याला क्वेकरच म्हणायचो, खरं नाव फार जणांना ठाऊक नव्हतं. मागच्या हिवाळ्यात तापाने गेला."

"त्याला क्वेकर का म्हणायचे?" मी विचारलं.

"म्हणजे काय! सगळ्यांना तू म्हणायचा, टोपी काढायचा नाही. आणि रविवारी एका ओंडक्यावर जाऊन गप्प बसायचा, एकटाच. आधी लोक हसायचे. मग दोन-चार जण शेजारी जाऊन बसायला लागले. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आता राजाविरुद्ध उठलेल्या नव्या सरकारची शपथ मागायला माणसं आली, तेव्हाही त्याने घेतली नसतीच. बरं झालं, आधीच गेला."

मी नेहेम्याला म्हटलं, सभेच्या मृत्यूच्या वहीत लिही. त्याने वही काढली, लेखणी बुडवली आणि तसाच बसून राहिला. "कतूरा, ती वही आपल्या लोकांची आहे," तो शेवटी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्याने लिहिलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं.

लॅम्बर्ट परत जाताना मी मिरियमला पत्र दिलं. दुःख कळवलं, पोरांना वाळवलेली सफरचंदं पाठवली आणि शेवटी एकच गोष्ट विचारली. त्या दिवशी टेबलापाशी त्याच्या मनात काय होतं, ते त्याने तुला कधी सांगितलं का? मी काय करावं असं त्याला वाटत होतं? जे असेल ते कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

उत्तर या वसंतात आलं. दोन बाजू भरून. मका बरा आलाय. थोरल्याने बापाची हातोडी घेतलीय, त्याचं चाक अजून सरळ फिरत नाही. एक गाय व्याली. धाकटीला खोकला आहे, तुला आठवत असेल तर आई खोकल्याला काय द्यायची ते लिही. सफरचंदं पोचली, वाटेत थोडी ओली झाली होती.

माझ्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी कागद उलटा करून बघितला, उजेडात धरून बघितला. तिला ठाऊक नाही म्हणून लिहिलं नाही, की ठाऊक आहे म्हणून, ते कळायला मार्ग नाही. पुन्हा विचारायचं धाडस माझ्यात नाही.

पत्र मी खिशात घालून पहिल्या वारी सभेला गेले. बसताना कागदाचा आवाज झाला, तशी शेजारची हन्ना वाकून म्हणाली, "बहिणीचं ना? काय म्हणते?"

"मका बरा आलाय म्हणते," मी सांगितलं. मग सगळे बसले आणि शांतता झाली.